मदत हवी आहे: १९८३ ची जीप सीजे-७, फ्रेमला गंज, घ्यावी का?

नमस्कार मंडळी. मी ओहायोत राहतो, ही जीप घ्यायच्या विचारात आहे. ४.२ लिटरचं सहा सिलिंडर इंजिन मूळचंच, थंड असतानाही लगेच चालू झालं. आधीच्या मालकाने ४ इंच लिफ्ट (गाडी जमिनीपासून उंच करणारा बदल) आणि ३३ इंची टायर घातलेत. कागदपत्रं स्वच्छ, नंबरही जुळतो.

अडलंय ते फ्रेमपाशी, म्हणजे गाडीखालच्या लोखंडी सांगाड्यापाशी. इकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून काल गाडीखाली आडवा होऊन टॉर्चने सगळं पाहिलं. मागच्या स्प्रिंगच्या हँगरजवळ (स्प्रिंग फ्रेमला जिथे अडकवतात तिथे) काळा रंग ताजा दिसला. हातोडीने हलकेच ठोकलं, तर बाकी फ्रेम खणखणीत वाजली, तिथे मात्र बद्द आवाज आला आणि रंगासकट गंजाचे पापुद्रे गळले. विकणारा 'वरवरचं आहे' म्हणतो. मला ते पटत नाही.

मागचा एएमसी २० ॲक्सल (मागची चाकं फिरवणारा आस) दोन तुकड्यांच्या, म्हणजे कमकुवत शाफ्टचा आहे. ते शाफ्ट बदलायचा खर्च धरलाय. वेल्डिंग मला येत नाही, बाहेरूनच करून घ्यावं लागेल. गाडी शोभेसाठी नको, दगडधोंड्यांतून चालवायची आहे.

कुणी स्वतः हे काम करून घेतलंय का? हँगरजवळचा तेवढाच भाग कापून नवा तुकडा जोडला तर असल्या वापरात टिकतो, की अख्खी फ्रेमच बदलावी लागते?