आश्रय मागणाऱ्यांकडून विनामोबदला काम घेणे योग्य आहे का?

अक्कलकोट_रोड_वाचनालय यांचा प्रश्न

नमस्कार. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यालगतच्या वस्तीत आम्ही काही निवृत्त मंडळी एक सार्वजनिक वाचनालय आणि त्याला जोडून संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. विडी आणि यंत्रमाग कामगारांची मुले तेथे येतात. शिकवणारे सगळे विनामानधन येतात, त्यामुळे स्वयंसेवक मिळवणे आणि टिकवणे ही आमची नित्याची चिंता आहे.

माझी भाची इंग्लंडमध्ये लेस्टर शहरात एका धर्मादाय संस्थेच्या अन्नवाटप केंद्रात स्वयंसेवकांची व्यवस्था पाहते. परवा बोलताना तिने सांगितले की तिच्याकडे नियमाने येणाऱ्या स्वयंसेवकांपैकी बरेच जण सुदान, इराण, एरिट्रिया अशा देशांतून आलेले असून त्यांनी आश्रयासाठी अर्ज केला आहे आणि निर्णयाची वाट पाहत ते दिवस काढत आहेत. त्यांना नोकरी करण्याची मनाई आहे, मात्र स्वयंसेवेला मुभा आहे. ती हे मोठ्या कौतुकाने सांगत होती आणि त्या माणसांच्या चिकाटीबद्दल मलाही आदर वाटला, परंतु मनात एक किंतु राहिला तो राहिलाच. आमच्या अभ्यासिकेत येणारा निवृत्त शिक्षक निवृत्तिवेतनावर निश्चिंत असतो. त्याने दोन तास दिले तर ते खरोखर त्याचे देणे असते. ज्याला कमावण्याचीच बंदी आहे त्याच्या श्रमाला आपण स्वयंसेवा म्हणावे का? ही त्याला मिळालेली संधी समजायची, की त्याच्या अडचणीतून संस्थांनी साधलेली सोय?

दुसरा प्रश्न आमच्यापुरता आहे. अशी एखादी व्यक्ती उद्या सोलापुरात राहायला आली आणि मुलांना इंग्रजी शिकवते म्हणाली, तर आपल्याकडे ते चालेल का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. निर्वासितांना देशात घ्यावे की न घ्यावे हा वाद येथे नको.

होटगी_रोड_ते_लीड्स यांचे उत्तर

काका, मी मूळची सोलापूरची असून गेली काही वर्षे लीड्समध्ये याच क्षेत्रात काम करते, म्हणून पहिल्या प्रश्नापुरते लिहिते.

ब्रिटनमधील नियम असा आहे की आश्रयाच्या अर्जावर 12 महिने उलटूनही निर्णय झाला नाही आणि त्या विलंबाला अर्जदार स्वतः कारणीभूत नसला, तरच त्याला काम करण्याची परवानगी मागता येते. ती मिळाली तरी सरकारने ठरवून दिलेल्या यादीतील मोजक्याच कामांसाठी मिळते. तोवर राहण्याची सोय आणि अल्प निर्वाहभत्ता यांवर भागवावे लागते. 2024 साली हा भत्ता स्वतः रांधून खाणाऱ्याला आठवड्याला 49 पौंड 18 पेन्स होता, आणि ज्यांना हॉटेलात ठेवून जेवण दिले जाते त्यांच्या हातात आठवड्याला 10 पौंडांहूनही कमी रक्कम पडत होती. इथल्या शहरात बसने दोनदा जाऊन आले की या दुसऱ्या रकमेतले बरेचसे संपते.

स्वयंसेवा मात्र अर्ज प्रलंबित असताना केव्हाही करता येते. ती नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी, स्वयंसेवी संस्थेसाठी किंवा सार्वजनिक यंत्रणेसाठीच असावी, तिच्यामुळे पगारी माणसाची जागा भरली जाऊ नये, आणि प्रवास व जेवणाचा प्रत्यक्ष झालेला खर्च सोडून एक पैसाही देऊ नये, अशा अटी आहेत. गृहखाते ‘स्वयंसेवक’ आणि ‘विनावेतन कामगार’ यांत फरक करते. ठरलेले तास, ठरलेली जबाबदारी आणि न आल्यास कारवाई असे बंधन आले की माणूस दुसऱ्या गटात जातो, आणि तसे काम त्याला परवानगीशिवाय करता येत नाही. म्हणून चांगल्या संस्था करारपत्र करत नाहीत, भत्त्याची एकगठ्ठा रक्कम देत नाहीत, बसच्या तिकिटापुरतेच पैसे देतात आणि तिकीट जपून ठेवतात. वरून हे कंजूषपणाचे वाटते, पण ठोक रक्कम हातात ठेवली तर तिला वेतन समजले जाऊ शकते, आणि त्याचा फटका संस्थेपेक्षा त्या माणसाला अधिक बसतो.

संधी की सोय, या प्रश्नाला माझ्यापाशी सरळ उत्तर नाही. आमच्या केंद्रात एक गृहस्थ येतात, जे स्वदेशात औषधविक्रेते होते. दान म्हणून आलेले डबे ते मुदत संपण्याच्या तारखेनुसार लावतात. ज्यांची तारीख जवळ आली आहे ते पुढे, लांबची मागे, आणि डब्याची कड चेपलेली असेल तर बोटाने चाचपून तो वेगळा. ती त्यांची दुकानातली सवय आहे. त्यांच्या हाताखाली शिकलेले स्थानिक स्वयंसेवक आता त्यांना विचारल्याशिवाय मांडणी बदलत नाहीत. खोलीत बसून भिंतीकडे पाहण्यापेक्षा हे बरे, असे ते स्वतः सांगतात. भाषा सुधारते, ओळखी होतात, आणि पुढे निर्णय अनुकूल लागला तर नोकरीसाठी शिफारसपत्र देणारा कोणी तरी असतो. परक्या देशात या शेवटच्या गोष्टीचे मोल फार मोठे आहे.

एक कटू भागही सांगते. मुलांसोबत काम करायचे तर पूर्वचारित्र्याची तपासणी लागते. काही संस्था नियम नीट न वाचता ‘तुमच्या देशाच्या पोलिसांचे प्रमाणपत्र आणा’ असे सांगतात. ज्या सरकारच्या भीतीने माणूस पळून आला त्याच सरकारच्या वकिलातीत त्याने प्रमाणपत्रासाठी जावे, अशी ही अपेक्षा असते, आणि तो गेला तर त्याचा आश्रयाचा दावाच लंगडा पडू शकतो.

कन्ना_चौक यांचे उत्तर

मागील उत्तर माहितीपूर्ण आहे, पण त्यात शेवटी एका समाधानी माणसाचे चित्र आले आणि मूळ प्रश्न बाजूला पडला. आमचे घर कामगार चळवळीतले, त्यामुळे मला हा विषय मजुरीच्या बाजूने दिसतो.

जर्मनीतील उदाहरण पाहा. तेथील कायद्यानुसार आश्रयार्थींना सार्वजनिक उपयोगाची कामे देता येतात आणि त्याबद्दल ताशी 80 सेंट दिले जातात. 2016 पूर्वी हीच रक्कम 1 युरो 5 सेंट होती. 2024 च्या फेब्रुवारीत थुरिंगिया राज्यातील साले-ऑर्ला जिल्ह्याने हे काम सक्तीचे केले आणि नकार देणाऱ्याच्या निर्वाहभत्त्यात कपात करण्याचे ठरवले. कागदोपत्री ही नोकरी नाही, म्हणून किमान वेतन लागू नाही. नकार दिल्यावर पोटाला चिमटा बसत असेल तर त्याला सेवा म्हणणे ही शुद्ध फसवणूक आहे. केनियातील काकुमा आणि दादाब छावण्यांत निर्वासित शिक्षक, दुभाषे आणि आरोग्यसेवक यांना ‘प्रोत्साहनपर’ मानधन मिळते, आणि तेच काम करणाऱ्या केनियन कर्मचाऱ्याच्या पगारापुढे ते किरकोळ असते. कारण पुन्हा तेच, काम करण्याच्या हक्कावरील निर्बंध. बांगलादेशात कॉक्स बझारच्या छावण्यांत रोहिंग्यांना नोकरीची परवानगी नाही, म्हणून तेथे राबणारा प्रत्येक जण ‘स्वयंसेवक’ असतो.

माझी आजी विड्या वळायची. नापास ठरवून बाजूला काढलेल्या विड्यांची मजुरी तिला कधी मिळाली नाही, मात्र त्या विड्या बाजारात विकल्या जात, हे आमच्या घरात सर्वांना ठाऊक होते. त्यामुळे कोणाच्याही फुकट श्रमाचे कौतुक चालू झाले की मी आधी विचारतो, त्या श्रमातून वाचलेला पैसा कुठे गेला?

करमाळा_पुनर्वसित यांचे उत्तर

वरील दोन्ही मतांत तथ्य आहे. मी थोड्या वेगळ्या अनुभवावरून लिहितो. आमचे मूळ गाव उजनी धरणाच्या पाण्याखाली गेले. आम्ही निर्वासित नव्हतो. देश आपला, भाषा आपली, मताचा हक्क शाबूत, म्हणून ही तुलना फार ताणू नये. तरीही नव्या गावठाणाशेजारच्या जुन्या गावाने आमच्या लोकांना प्रथम ओळखले ते हरिनाम सप्ताहात. आमचे वडीलधारे आपणहून पंगतीत वाढायला उभे राहिले, पाणी भरू लागले, मंडपाचे बांबू रोवू लागले. ‘धरणग्रस्त’ जाऊन त्यांना नावाने हाका येऊ लागल्या, हे खरे आहे. पण पंगतीत वाढणाऱ्यांना सप्ताहाच्या नियोजनाच्या बैठकीत बसायला मिळाले ते पुष्कळ वर्षांनी, आणि तेही कोणी आपणहून बोलावले म्हणून नव्हे.

कन्ना चौक यांना एवढेच सुचवावेसे वाटते की रोहिंग्यांच्या बाबतीत ‘स्वयंसेवक’ हे केवळ सोयीचे नाव आहे, असे सरसकट म्हणता येणार नाही. मार्च 2021 मध्ये त्या छावण्यांत मोठी आग लागली तेव्हा झोपड्यांतून माणसे बाहेर काढायला सर्वांआधी धावले ते हेच स्वयंसेवक. चक्रीवादळाची सूचना देणाऱ्या पथकांतही ते आहेत; वादळ जवळ येते तसे काठीवर एकाचे दोन, दोनाचे तीन झेंडे चढवायचे आणि कर्णा घेऊन गल्लोगल्ली ओरडत फिरायचे, असे त्यांचे काम असते. स्वतःच्या वस्तीसाठी माणूस हे पैशांविनाही करील. म्हणून पैशांचा हिशेब विचारायचाच, पण त्या माणसाच्या इच्छेलाही हिशेबात धरायला हवे. जर्मनीतच जुलै 2021 मध्ये आर नदीच्या खोऱ्यात महापूर आला (त्या पुरात देशभरात 180 हून अधिक माणसे दगावली), तेव्हा सीरियातून आलेले निर्वासित दूरदूरच्या शहरांतून गट करून फावडी घेऊन चिखल उपसायला गेले होते. त्यांना ताशी 80 सेंटांच्या आदेशाने कोणी पाठवले नव्हते.

विजापूर_रस्ता_वकील यांचे उत्तर

दुसऱ्या प्रश्नाविषयी थोडक्यात लिहितो. भारताने 1951 च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर किंवा 1967 च्या त्याच्या पूरक करारावर स्वाक्षरी केलेली नाही, आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. परदेशी व्यक्तींना पूर्वी 1946 चा कायदा लागू होता. 1 सप्टेंबर 2025 पासून त्याची जागा 2025 च्या आप्रवास आणि परकीय नागरिक कायद्याने घेतली आहे. त्यामुळे व्यक्ती कोणत्या कागदावर येथे राहते यावर सारे अवलंबून असते. तिबेटी मंडळींकडे नोंदणी प्रमाणपत्र असते. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ त्यांची वसाहत 1972 पासून आहे. काही निर्वासितांना केंद्र सरकारच्या 2011 च्या कार्यपद्धतीनुसार दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळतो आणि त्यावर खासगी नोकरीही करता येते. विद्यार्थी व्हिसावर असलेल्या परदेशी व्यक्तीने संस्थेत विनावेतन काम करणे मात्र आपोआप वैध ठरत नाही. आपण कागदपत्रे पाहावीत आणि पोलीस खात्यातील परकीय नागरिक नोंदणी अधिकाऱ्याला लेखी विचारून मगच पुढे जावे. तोंडी होकारावर विसंबू नये.

भारतातही या विषयाचे एक ठळक उदाहरण आहे आणि त्याची चर्चा मराठीत फारशी होत नाही. श्रीलंकेतून आलेल्या तमिळ निर्वासितांनी 1984 साली चेन्नईत ‘ऑफर’ ही संस्था काढली. एस. सी. चंद्रहासन हे तिचे संस्थापक, आणि छावण्यांतील शिक्षण, आरोग्य, बचत गट ही कामे मुख्यतः निर्वासितच सांभाळत आले. डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर यांतील स्वयंसेवक तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील भारतीय कुटुंबांच्या मदतीला गेले. येथे काय काम करायचे हे ठरवणारेही निर्वासितच होते, आणि अन्नवाटप केंद्रात डबे लावण्याहून हे मला मूलतः वेगळे वाटते.

अक्कलकोट_रोड_वाचनालय यांचा प्रतिसाद

सर्वांचे आभार. करमाळ्याच्या मित्रांनी बैठकीचा जो मुद्दा मांडला तो मी भाचीला वाचून दाखवला. तिच्या केंद्रात दर महिन्याला नियोजनाची बैठक होते आणि तिला फक्त पगारी कर्मचारी बसतात. वाटपाची वेळ दुपारची ठेवल्याने अनेक आश्रयार्थी स्वयंसेवकांना इंग्रजीचा वर्ग बुडवून यावे लागते, हे तिला माहीत होते, पण ते बदलण्याचा विषय त्या बैठकीत कधी निघालाच नव्हता. पुढच्या बैठकीला त्यांच्यातील दोघांना बोलावण्याचा प्रस्ताव ती ठेवणार आहे. कन्ना चौक यांच्या प्रश्नाचे उत्तरही मी तिच्याकडून मागवले आहे. पूर्वी तेथे मांडणीसाठी एक अर्धवेळ पगारी माणूस होता की नव्हता, हे ती जुन्या नोंदी पाहून कळवणार आहे.

लीड्सच्या ताईंना एक विचारायचे आहे. शिफारसपत्रात नेमके काय लिहावे? आमच्या अभ्यासिकेत शिकवून गेलेल्या मुलांनाही आम्ही ‘वर्तणूक चांगली’ एवढीच एक ओळ देत आलो आहोत.

होटगी_रोड_ते_लीड्स यांचे उत्तर

काका, ‘वर्तणूक चांगली’ वाचून नोकरी देणाऱ्याला काहीच कळत नाही. कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, आठवड्याला साधारण किती वेळ, कोणते काम, कोणत्या भाषांत, आणि कोणती जबाबदारी एकट्याने पार पाडली, हे लिहावे. आमच्या त्या गृहस्थांच्या पत्रात मी ‘मुदतीनुसार साठा व्यवस्थापन आणि नव्या स्वयंसेवकांचे प्रशिक्षण’ असे लिहून ठेवले आहे. पत्रावर सहीखाली संस्थेचा दूरध्वनी क्रमांक असावा आणि तो उचलणाऱ्याला त्या माणसाचे नाव माहीत असावे. माणसाने मागण्याची वाट पाहू नये; आश्रयार्थींना सरकार कधीही दुसऱ्या शहरात हलवते, आणि त्याची सूचना अनेकदा ऐनवेळी येते. पत्र आधीच तयार असेल तर ते सोबत जाते.