मेटल डिटेक्टर हवेतच वाजतोय, काय करू?

प्रश्न: कॉइल (धातू ओळखणारी खालची चकती) जमिनीपासून चांगली वर धरली तरी सारखं टुकटुक चालूच, आसपास धातू नाही. ९ व्होल्टची नवी बॅटरी टाकली, रिसेट केला, काही फरक नाही. कॉइल गेली का?

उत्तर: लगेच कॉइल बदलू नका. सेन्सिटिव्हिटी कमी करा, मोबाइल लांब ठेवा आणि विजेच्या तारांपासून दूर मोकळ्यावर जाऊन बघा, त्यांच्या अडथळ्यानेही खोटं वाजतं, घरात तर हे हमखास होतं.

उत्तर: केबल दांड्याला घट्ट गुंडाळलीये ना? सैल लोंबत असेल तर हलली की खोटा सिग्नल येतो.

प्रश्नकर्ता: मोकळ्यावरही तेच, पण प्लगपाशी केबल हलवली की जास्त वाजतं! पिनेवर हिरवट थर दिसतोय.

उत्तर: मग तिथेच गडबड आहे, बॅटरी काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पिना पुसा, पूर्ण वाळू द्या, मगच लावा.