तळ्यात बघायचं काय?
"तारकर्लीच्या समुद्रात स्कूबा डाइव्ह केल्यावर तळ्यात काय बघायचं?" असं एकाने विचारलंय, म्हणून लिहितो. आम्हा न्यू जर्सीकरांना जवळ पडतं ते पेनसिल्व्हेनियातलं जुनं डच स्प्रिंग्ज, आताचं लेक हायड्रा. पाणी भरलेली दगडखाणच ती, सुमारे ५० एकरांची. प्रवाळ नाहीत, पण तळाशी मुद्दाम बुडवलेली स्कूलबस आणि विमान आहे!

पाण्याखाली जाता यावं म्हणून अंगाला शिशाची वजनं लावतात; समुद्रात लावता तेवढं शिसं मात्र इथे लावू नका. गोडं पाणी आपल्याला वर ढकलतं ते कमी जोराने, त्यामुळे दोनेक किलो सहज कमी करता येतं. मी ते विसरलो आणि धोंड्यासारखा खाली गेलो. भर ऑगस्टातही थोडं खाली गेलं की पाणी एकदम गारठतं, तेव्हा जाड वेटसूट (अंग उबदार ठेवणारा रबरी पोशाख) हवाच. आणि तळाशी फिन्स (पायातली पोहण्याची वल्ही) जपून मारा. गाळ उठला की समोरची बससुद्धा गायब.