धागा: चढावर गाडी मागे घसरते? हाफ क्लचबद्दल लिहा

जुन्या कात्रज घाटात ‘एल’ लावलेली गाडी चढावर बंद, मागे हॉर्नचा कल्लोळ. शिकतानाचे दिवस आठवले, म्हणून हा धागा. पद्धत अशी: हँडब्रेक पूर्ण ओढा, क्लच तळाला, पहिला गिअर. रेस देऊन आरपीएमचा (इंजिनच्या फेऱ्यांचा) काटा १५००-२००० वर आणा. मग क्लच अगदी सावकाश सोडा. इंजिनचा आवाज जड होतो, बॉनेट किंचित उचलतं. पाय तिथेच रोखा, हाच हाफ क्लच. मग हँडब्रेक सोडा. गाडी हलल्यावरच उरलेला क्लच. नवशिके नेमका इथेच पाय झटकन उचलतात.

घाटमाथा: डिझेलला एवढी रेस नको. सपाटीवर तर नुसत्या क्लचवर निघते.

पाना_पकड: सिग्नलला चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरू नका हो!! क्लच प्लेट घासून जळते, वास येतो. प्लेट गेलीय का बघायचं तर चौथ्या गिअरमध्ये चढावर रेस द्या. आरपीएम वाढतो, वेग नाही? गेली. बदलताना क्लचचेच बाकी भाग, प्रेशर प्लेट अन् रिलीज बेअरिंगही घाला, गिअरबॉक्स तसाही उतरवावाच लागतो.

फोडणी: चढावर गाडी आपोआप धरणारं हिल होल्ड आहे की, मग कशाला हा खटाटोप

घाटमाथा: ते दोनेक सेकंद धरतं. पुढे तुम्ही आणि तुमचा डावा पाय 😄

कोकणकडा: उतरताना न्यूट्रल करणाऱ्यांना कुणीतरी आवरा. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. फ्युएल इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटर नसलेल्या) गाडीत गिअर ठेवून रेस सोडली की पेट्रोल तुटतं, न्यूट्रलला उलट लागतंच. इंजिन बंद केलं तर दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगड. आणि अरुंद घाटात चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हा नियम आहे, उपकार नाही.

फोडणी: बरं, आरटीओत आठचा आकडा कुठल्या गिअरमध्ये काढायचा? परवा टेस्ट आहे भाचीची

पाना_पकड: पहिला. रेस नको, वेग क्लचवर. लर्निंग लायसन्सला ३० दिवस झालेत ना?

फोडणी: हो हो. त्याच्या मुदतीचे ६ महिने संपत आलेत

जुनं_ते_सोनं: जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीचा गिअर स्टीअरिंगच्या दांड्यावर असायचा. तोच खरा गिअर.

कोकणकडा: काका आले 🙏

मिसळपाव_जास्त_तर्री: माझं क्लच पेडल फार जड झालंय, प्लेट का?

पाना_पकड: केबलवाली गाडी असेल तर आधी केबल बघा. आतून गंजते, तारा तुटतात. प्लेटचा खर्च नंतर.