मोठेपणी ऑटिझमची लक्षणं जाणवतायत, माणसांत वावरायचं कसं शिकू? (सल्ला हवा)

घुमी_नाशिक

नमस्कार मंडळी. लांबलचक होणार आहे, आधीच सॉरी. वय 34, नाशिकला एका औषध कंपनीच्या क्यूसी म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या लॅबमध्ये आहे. भावाच्या मुलाला मध्यंतरी ऑटिझमचं निदान झालं. डॉक्टरांनी दिलेला भलामोठा फॉर्म वहिनी मोठ्याने वाचत होती आणि आई दर प्रश्नाला म्हणत होती "अगं, हीपण अश्शीच होती". लेबल टोचतं म्हणून फ्रॉक उलटा घालायची, पाहुणे आले की माळ्यावर जाऊन बसायची, नाशिकरोडच्या गाड्यांचं टाइमटेबल पाठ आणि एखादी गाडी बदलली की रडारड. सगळे हसले, मला काही हसू येईना. मग ती एक्यू नावाची 50 प्रश्नांची टेस्ट ऑनलाइन मिळते ती दिली, 32 किंवा वर आले तर लक्षणं बरीच आहेत असं धरतात, माझे 39 आले.

कामात मी चांगली आहे. एचपीएलसी म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन, त्याच्या आलेखातला पीक (उंचवटा) जरा वाकडा दिसला तरी मला सगळ्यांच्या आधी कळतं. पण आता सेक्शन इनचार्ज केलंय, हाताखाली पोरंपोरी आहेत, त्यांच्याशी कामाचं सोडून काय बोलायचं कळत नाही. कॅन्टीनमध्ये सगळे एकदम बोलायला लागले की मला एकाचंही धड ऐकू येत नाही आणि कोण चेष्टा करत होतं कोण खरं बोलत होतं हे घरी येऊन भांडी घासताना उमगतं. मागे शिष्ट, माणूसघाणी म्हणतात माहितीये. सासूबाईंच्या मैत्रिणीने "या हं एकदा घरी" म्हटलं, मी विचारलं "रविवारी चार वाजता चालेल का", तर सगळ्या माझ्याकडेच बघायला लागल्या.

तर निदान करून घ्यावं का, घ्यायचं तर कुणाकडे, कारण इथे जो तो लहान मुलांचाच डॉक्टर सांगतो. हे बोलणंचालणं या वयात शिकता येतं का. आणि सासरी सांगावं का. "कॉन्फिडन्स वाढव" सोडून काहीही सांगा.

झाडीपट्टी

सेम टू सेम. वाचतोय.

अण्णा_कोथरूड

ताई, रागावू नका पण आमच्या वेळी असलं काही नव्हतं. वाड्यात वीस बिऱ्हाडं, आपोआप शिकायचो. आता मोबाईल वाचून प्रत्येकाला काहीतरी झालेलं असतं. पहाटे उठून प्राणायाम करा, चार लोकांत मिसळा, सगळं जागेवर येईल.

रानमेवा

अण्णा, तुमच्या वाड्यातपण होता की एखादा, जिन्याखालच्या खोलीत रेडिओ उघडून बसणारा, लग्नकार्यात न दिसणारा. त्याला विक्षिप्त म्हणून सोडून द्यायचे, एवढाच फरक. 1943 साली अमेरिकेत डॉक्टर कॅनर यांनी आणि 1944 ला व्हिएन्नात डॉक्टर अॅस्पर्गर यांनी याबद्दल लिहिलं, तेव्हा कुठला आलाय मोबाईल.

घुमी, मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, गिऱ्हाईक शोधत नाहीये त्यामुळे मोकळेपणाने सांगते. एक्यू ही चाळणी आहे, निदान नाही. सोशल अँक्झायटी (लोकांत वावरायची भीती), एडीएचडी (लक्ष न टिकणं, चंचलपणा), लहानपणीचा त्रास, यातही मार्क वर जाऊ शकतात. एडीएचडी आणि ऑटिझम एकाच माणसात असू शकतात, पण 2013 ला डीएसएमची, म्हणजे मानसिक निदानाच्या अमेरिकन पुस्तकाची, पाचवी आवृत्ती येईपर्यंत त्या पुस्तकाप्रमाणे दोन्ही एकत्र लावायची परवानगीच नव्हती. अॅस्पर्गर हे वेगळं नावपण त्याच आवृत्तीत गेलं, आता सगळं मिळून ऑटिझम स्पेक्ट्रम.

कुणाकडे जायचं, तर आरसीआय म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिलकडे नोंदणी असलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट नाहीतर सायकिअॅट्रिस्ट. नोंदणी कौन्सिलच्या साइटवर बघता येते. अपॉइंटमेंटच्या आधी फोनवर सरळ विचारायचं, "तुम्ही मोठ्या माणसांचं ऑटिझमचं असेसमेंट करता का, किती बैठका लागतात". फोनवरची व्यक्ती "नोकरी करताय, लग्न झालंय, मग कसला ऑटिझम" म्हणाली तर दुसरा नंबर लावायचा. जाताना आईला घेऊन जा, नाहीतर तिच्याकडून लहानपणीचं सगळं लिहून आण, शाळेची प्रगतिपुस्तकं असतील तर तीपण. लक्षणं लहानपणापासून होती का हे बघितल्याशिवाय निदान होत नाही, तुझी आई त्या बाबतीत खजिना आहे. मुलींचं उशिरा कळतं कारण "लाजाळू आहे, अभ्यासू आहे" म्हणून खपून जातं.

दिव्यांग सर्टिफिकेटचा विषय वेगळा हं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र मिळतं, पण त्यासाठी सरकारी बोर्ड आयएसएए नावाची 40 मुद्द्यांची मोजपट्टी लावतं आणि त्यात 70 च्या खाली आलं तर ऑटिझम नाही असं धरतात. नोकरी-संसार सांभाळणाऱ्या बाईचे मार्क त्याच्या खाली येऊ शकतात. म्हणजे डॉक्टरचं निदान आहे पण सर्टिफिकेट नाही असं होऊ शकतं, आधीच माहीत असलेलं बरं. ऑटिझमवर गोळी नाही. सोबत अँक्झायटी किंवा डिप्रेशन असेल तर त्यावर उपचार आहेत आणि ते जरूर घ्यावेत. फारच घुसमट झाली तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

तिठा

मला 36 व्या वर्षी निदान झालं, आता पाच वर्षं होतील. मूळ कोल्हापूर. अनुभवाचं सांगतो, पटेल ते घ्या.

पहिलं म्हणजे पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटच्या क्लासला पैसे घालू नका. तिथं शिकवतात डोळ्यात डोळे घालून बोला. डोळ्यात बघितलं की मला समोरचा काय बोलतोय ते ऐकूच येत नाही. भुवयांकडे बघा, कुणाला फरक कळत नाही. त्याहून सोपं म्हणजे समोरासमोर बसायचंच नाही, शेजारी उभं राहायचं. टपरीवर, चालताना, गाडीत, दोघंही रस्त्याकडे बघत असतात आणि गप्प राहिलं तरी खटकत नाही. माझी दोस्ती जी काही झाली ती सगळी स्कूटरवर.

दुसरं, आपल्या लोकांचे नियम कुणी लिहून दिलेले नाहीत पण नियम आहेत, आणि नियम म्हटल्यावर आपण शिकू शकतो. "चहा घेणार का" याला पहिलं "नको" मोजतच नाहीत. यजमान परत विचारणार, तुम्ही परत नको म्हणणार, मग "अर्धा कप" वर तोडगा निघतो. खरंच नको असेल तर कारण द्यायचं, "आत्ताच घेऊन आलो, पाणी चालेल", की विषय संपला. आणि तुम्ही यजमान असाल तर एकदा विचारून थांबायचं नाही, मी थांबायचो आणि लोक घरी जाऊन सांगायचे कोल्हापूरचा असून चहासुद्धा विचारला नाही. "जेवण झालं का" म्हणजे काय जेवलात ते विचारलेलं नाही, "झालं, तुमचं?" एवढंच उत्तर. "बघू", "कळवतो" म्हणजे बहुतेक वेळा नाही. "या एकदा घरी" यात वार आणि वेळ नसेल तर तो नुसता चांगुलपणा, "शनिवारी जेवायलाच या" म्हणाले तर खरं. मी वहीत लिहून ठेवलेत हे. बायको हसते, पण नवीन नियम सापडला की तीच सांगते.

चाललेल्या गप्पांत शिरायचं कसं याचं अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाच्या पीअर्स कोर्सात चांगलं दिलंय, तो ऑटिझमवाल्या पोरांसाठी काढलाय आणि मोठ्यांसाठीपण आवृत्ती आहे. थोडक्यात, आधी जरा लांबून ऐका विषय काय आहे, मग जवळ जा, बोलण्यात खंड पडला की त्याच विषयावरचं छोटंसं काहीतरी बोला, स्वतःचा विषय घेऊन घुसू नका. लोक तुमच्याकडे वळले, गोल जरा उघडला, तर थांबा. नाही वळले तर निघा, त्यात अपमान नाही. मला वाटायचं बाकीच्यांना हे जन्मतः येतं आणि ते कधी तोंडावर आपटत नाहीत. आपटतात हो, फक्त विसरतात लवकर.

आता महत्त्वाचं. हे सगळं करणं म्हणजे मास्किंग, आपलं खरं वागणं झाकून बाकीच्यांसारखं वागणं, आणि त्याची किंमत मोजावी लागते. जास्त मास्किंग करणाऱ्यांत अँक्झायटी, डिप्रेशन जास्त दिसतं असं अभ्यासांत आलंय, आणि अभ्यास कशाला, लग्नाला जाऊन आलो की दुसऱ्या दिवशी मी माणसांत नसतो. म्हणून मी ठरवून टाकलंय कुठं नाटक करायचं आणि कुठं नाही. ऑडिटर, सासरे, बँक, इथं पूर्ण. जवळच्या मित्रांत अजिबात नाही. पाय हलवणं, हाताशी चाळा, हे तर बंद करायला जाऊच नका. माझ्या खिशात जपमाळ असते, मणी फिरवत बसलेल्या माणसाला महाराष्ट्रात कुणी काही विचारत नाही, उलट मान देतात.

आणि सगळा दोष आपल्याकडे घ्यायचा नाही. डेमियन मिल्टन म्हणून ब्रिटनमधले संशोधक आहेत, स्वतः ऑटिस्टिक, त्यांनी 2012 मध्ये मांडलंय की समजण्यातली अडचण दोन्ही बाजूंनी असते, आपल्याला ते कळत नाहीत तसे त्यांनाही आपण कळत नाही. फक्त क्लासला आपल्यालाच पाठवतात.

मोगरा_आणि_मी

तिठा, जपमाळ 😂😂 उद्याच घेते.

सासरचं सांगते कारण माझा नवरा असा आहे. आम्ही "ऑटिझम" शब्द सासरी काढलाच नाही. सासूबाईंना एवढंच सांगितलं की ह्यांना गोंगाटात डोकं धरतं, तासाभराने आतल्या खोलीत जाऊन बसतील, राग मानू नका. पटलं लगेच. नाव सांगितलं असतं तर कुठल्यातरी बुवाकडे नेलं असतं. तुझ्या सासरची माणसं कशी आहेत ते तुलाच माहीत, पण आधी नवऱ्याला सांग आणि त्याला कामाला लाव, तिथून निघायची खूण ठरवून ठेवा.

अजून एक, कार्यक्रमात नुसतं बसू नकोस, काम घे. हळदीकुंकवाला वाण वाटायचं घे, पंगतीत वाढायला उभी राहा. पाच जणींशी "अजून वाढू का" एवढंच बोलायचं आणि वर सगळ्या म्हणतात किती कामसू आहे. बसलेल्या बाईलाच लोक प्रश्न विचारतात.

अण्णा_कोथरूड

रेडिओवाला खरंच होता आमच्याकडे. बरं, प्राणायामाने नुकसान तर नाही ना होत. चालू द्या.

घुमी_नाशिक

अण्णा, प्राणायाम करते मी, पहाटे साडेपाचला, रोज त्याच चटईवर 🙂

रानमेवा, आईने तीन पानं लिहून दिलीत, माझ्यापेक्षा तीच एक्साइट झालीये. नवऱ्याला सांगितलं, तो म्हणाला हे मला लग्नाआधीपासून माहितीये, नाव माहीत नव्हतं.

एक अडकलंय. ज्युनिअर मुलगी आहे, तिचा रिझल्ट ओओएस म्हणजे ठरलेल्या मर्यादेबाहेर आला की रडते. मी लगेच कारणं शोधायला लागते, डायल्युशन तपास, स्टँडर्डचं वजन तपास, आणि ती अजून रडते. काय करायचं असतं नक्की?

रानमेवा

विचारायचं. "आत्ता नुसतं ऐकू का, की काय करायचं ते सांगू?" असं विचारणं आगाऊपणा वाटत नाही, लोकांना बरंच वाटतं. आणि बोलता येत नसेल तर करून दाखव. "बाहेर जाऊन तोंड धुऊन ये, इन्स्ट्रुमेंटकडे मी बघते." तपासणी ती आल्यावर, तिच्या शेजारी बसून. टीमला एकदा सांगूनही टाक की मला आडून बोललेलं कळत नाही, काही खटकलं तर सरळ सांगा, मीपण सरळ सांगते पण रागावलेली नसते. निदानाचा कागद त्यासाठी लागत नाही.

घुमी_नाशिक

टीमला सांगायचं ते वाक्य जसंच्या तसं वापरणार. कॅन्टीनसाठी मेडिकलमधून फोमचे इअरप्लग आणलेत पण ते घातले की शेजारचीचंही ऐकू येत नाही, मग काय उपयोग.

झाडीपट्टी

फोमवाले झोपायला ठीक. म्युझिशियन इअरप्लग म्हणून शोधा, सिलिकॉनचे असतात, आत फिल्टर असतो, आवाज सगळाच थोडा खाली येतो पण बोलणं कळतं. माझा भाऊ ढोलपथकात वाजवतो, त्याचे घेऊन बघितले होते. केस मोकळे असले तर दिसतपण नाहीत.