एकाच गाडीत हायवे आणि कच्चा रस्ता : मुंबईतून फिरायला कुठली मोटरसायकल घ्यावी?

मुलुंडकर_८
नमस्कार मंडळी. रोजचं मुलुंड–पवई जाणं-येणं, शिवाय महिन्यातून दोन रविवार बाहेर. नाशिक, माळशेज, अलिबाग ही डांबरी फेरी आणि मुरबाड-जव्हारकडचे कच्चे रस्ते. हिशेब केला तर ७० टक्के डांबर, ३० टक्के माती. उंची ५ फूट ५ इंच, पायाची आतली लांबी २९ इंच, वजन ६६ किलो. बजेट ऑन-रोड तीन लाख, फारच पटलं तर साडेतीन. कधीमधी बायको मागे असेल.
यादीत हिमालयन ४५०, एक्सपल्स (२०० ४व्ही की २१०?), व्ही-स्ट्रॉम एसएक्स आणि केएलएक्स २३० आहेत. मित्रांचं म्हणणं, हायवेला १२० ला आरामात पळणारी हवी, ४०० सीसीच्या खाली बघूच नकोस. हे खरं का? आणि ८२५ मिलिमीटर उंचीची सीट मला झेपेल का?

जुना_घाट
आधी मित्रांना विचारा, १२० ने पळवणार कुठे? पुणे एक्सप्रेसवे दुचाकीला बंद. समृद्धी बंद, अटल सेतू बंद, कोस्टल रोड बंद, ईस्टर्न फ्रीवेसुद्धा बंद. मुंबईच्या दुचाकीवाल्याला उरतात नाशिक हायवे, गोवा हायवे, अहमदाबाद हायवे आणि खोपोलीहून शिंगरोबाच्या देवळावरून चढणारा जुना घाट. चौपदरी रस्त्यावर दुचाकीची कायदेशीर मर्यादा ताशी ८० आहे. नाशिक हायवेला भिवंडी ते पडघा ट्रकांच्या रांगेत ती तरी गाठली जाते का, ते बघा.
त्यामुळे प्रश्न असा विचारा : ८०-९० च्या वेगात इंजिन किती ताणलं जातं आणि कसारा चढताना ट्रकला ओलांडायला दम उरतो का? एक्सपल्स २०० ४व्हीला १९ अश्वशक्ती आणि पाच गिअर. ८० पर्यंत खुशीत, ९५ च्या पुढे मुठीत झिणझिण्या. २१० ला साडेचोवीस अश्वशक्ती आणि सहावा गिअर. तुमच्या वापरात त्या सहाव्या गिअरचा उपयोग ताकदीपेक्षा जास्त होईल. हिमालयन ४५० ला ४० अश्वशक्ती, ११० ला शांत. पण तो वेग तुम्हाला वर्षातून किती वेळा लागणार?
पैशांचं एक : २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी १८ टक्के, त्याच्या वर ४० टक्के. साडेतीनशेच्या वर गेलात की बजेटला पहिला धक्का तिथेच.

पाना_चौदा
सीसीचं झालं, आता वजनाचं बोलू. मातीत गाडी पडतेच. प्रश्न एवढाच की एकट्याने उचलता येते का. केएलएक्स २३० : १३९ किलो. एक्सपल्स २०० : १५९ च्या आसपास. व्ही-स्ट्रॉम एसएक्स : १६७. एक्सपल्स २१० : १७० च्या आत-बाहेर. हिमालयन ४५० : १९६, आणि क्रॅशगार्ड, कॅरिअर, सामान धरलं की २१५ च्या घरात. भाताच्या खाचराशेजारी, पावसात, उतारावर, तिसऱ्यांदा उचलताना हा फरक कंबरेला कळतो.
उचलायची रीत आत्ताच शिकून घ्या. इंजिन बंद, गिअर पहिला. उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड बाहेर काढून ठेवा. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवा. सीटला पाठ टेका, एक हात हँडलला, दुसरा मागच्या ग्रॅबरेलला, आणि पाठीने नाही तर मांड्यांच्या जोरावर मागे मागे चालत जा. चढ-उतारावर पडली असेल तर उचलण्याआधी जमिनीवरच फिरवून उताराला आडवी करून घ्या.
सीट : २९ इंच म्हणजे साधारण ७३५ मिलिमीटर. ८२५ ऐकून घाबरू नका, तो आकडा रिकाम्या गाडीचा असतो. बसल्यावर सस्पेन्शन खाली जातं, बूट थोडी उंची देतो. शिवाय सीट पुढे अरुंद असेल तर पाय सरळ खाली जातो, रुंद असेल तर ८०० ची सीटही नडते. एक ढुंगण सीटवरून सरकवून डावा पाय पूर्ण टेकवायची सवय करा, सिग्नलला दोन्ही पाय लागत नाहीत. शोरूममध्ये गुळगुळीत फरशीवर बसून ठरवू नका. टेस्ट राइडला उतरत्या रस्त्यावर यू-टर्न मारून बघा.
८८० मिलिमीटर सीटवाली केएलएक्स मात्र तुमच्यासाठी नाही. तीत ७.६ लिटरची टाकी आणि मागे बसणारीची नुसती औपचारिकता.

सांधा_सांभाळा
जुना_घाट यांचं बहुतेक पटतं, पण व्ही-स्ट्रॉमला कोणी विचारलंच नाही. ७० टक्के डांबर आणि मागे बायको म्हटल्यावर ती घरगुती निवड आहे. सीट ऐसपैस, इंजिन गुळगुळीत, ट्यूबलेस टायर. अडचण दोन ठिकाणी. पुढचं चाक १९ इंची आणि अलॉय, दगडावर जोरात आपटलं तर रिम वाकते किंवा तडकते. स्पोकचं चाक मार पचवतं आणि सरळही करता येतं. दुसरं, मागचा एबीएस बंद करता येत नाही. सैल खडीच्या उतारावर एबीएस ब्रेक सोडत-धरत राहतो, आणि गाडी थांबायच्या ऐवजी सरपटत जाते. तुमची माती म्हणजे सपाट मुरूम रस्ता असेल तर हरकत नाही. जव्हारच्या आत ओढ्यातून जायचं असेल तर नको.
आणि टायरवर पैसे जपून घाला. मोठ्या गोट्यांचे टायर फोटोत छान दिसतात, पण पावसात फ्लायओव्हरच्या लोखंडी सांध्यावर, मेट्रोच्या कामाच्या पत्र्यावर आणि पेव्हर ब्लॉकवर ते साबण लावल्यासारखे घसरतात, कारण रस्त्याला टेकणारं रबरच कमी. कंपनीचे टायर झिजेपर्यंत चालवा. नंतर पुढे थोडा आक्रमक, मागे मधल्या घडणीचा. दिशा पुढचा टायर देतो, मागचा सरकला तरी सावरता येतं.

मुलुंडकर_८
खूप आभार सगळ्यांचे. व्ही-स्ट्रॉम आणि केएलएक्स यादीतून काढल्या. हिमालयन मनातून जात नाही, पण वजनाचं पटलं. दोन शंका. लोअरिंग लिंक (मागचं सस्पेन्शन खाली बसवणारा जोड) टाकून सीट खाली आणू का? आणि एक्सपल्सला ट्यूबचे टायर, पंक्चर झालं तर आडगावात काय करायचं?

पाना_चौदा
लोअरिंग लिंक नको. मागून गाडी बसली की बुडाखालची जागा कमी होते, पुढचा काटा जास्त कलून हँडल जड लागतं, आणि साइड स्टँड लांब पडल्यामुळे गाडी जवळजवळ उभी राहते. मऊ मातीत वाऱ्याने पडेल. त्यापेक्षा सीटचा फोम दोनएक सेंटिमीटर कातरून घ्या, आणि तोही कडांना जास्त, मध्ये कमी.
त्याआधी सॅग, म्हणजे तुमच्या वजनाने सस्पेन्शन किती दबतं ते, मोजा. मागच्या अ‍ॅक्सलपासून सरळ वर बॉडीवर एक खूण करा. गाडी उचलून चाक हवेत असताना अंतर घ्या, मग पूर्ण पोशाखात बसून दुसऱ्याकडून घ्या. फरक एकूण ट्रॅव्हलच्या (चाक वर-खाली होण्याच्या अंतराच्या) साधारण एक तृतीयांश हवा. एक्सपल्स २०० ला मागे १७० मिलिमीटर, म्हणजे ५५ च्या आसपास. कमी भरला तर प्रीलोड (स्प्रिंगचा आधीचा ताण) सैल करा, पाय आपोआप जमिनीजवळ येतो. बायको बसणार त्या दिवशी परत आवळा.
चेनही त्याच वेळी बघा. स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर ढील लिहिलेली असते, तेवढीच ठेवा. लांब सस्पेन्शनच्या गाडीला चेन ताठ ठेवली तर चाक वर गेलं की ती आणखी ताणली जाते, आणि आधी गिअरबॉक्सच्या शाफ्टचं ऑइल सील, मग बेअरिंग जातं.

सांधा_सांभाळा
ट्यूबचं : गावच्या पंक्चरवाल्याकडे १८ इंची ट्यूब सापडते, कारण निम्म्या कम्यूटर गाड्या त्याच मापाच्या. २१ इंची सापडत नाही. म्हणून सोबत एक २१ ची ट्यूब ठेवा. अडल्या वेळी ती मागच्या १८ इंची चाकात घडी घालून बसते आणि हळू चालवत घरी आणते. दोन टायर लिव्हर, वाल्व्हची चावी, पॅच-सोल्यूशन, हातपंप, आणि दोन्ही अ‍ॅक्सलचे पाने. ते पाने तुमच्याच गाडीवर लावून तपासा, किटमधला पाना नट गोल करून टाकतो.
मातीत हवा पुढे २०, मागे २२ पीएसआय. १८ च्या खाली गेलात की दगडावर ट्यूब रिमखाली चिमटते आणि तिला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. एक पॅच पुरत नाही. परतीला डांबर लागलं की आधी हवा भरा.
आणि क्लचच्या लिव्हरचा क्लँप हँडलवर इतकाच आवळा की तळव्याने जोर दिला तर फिरेल. गाडी पडली की लिव्हर फिरून वाचते. करकचून आवळलेली मोडते. तरी एक जादा लिव्हर सीटखाली ठेवा.

जुना_घाट
हिमालयन मनातून जात नसेल तर आधी एखादी दिवसभर भाड्याने घ्या, आणि मुलुंड स्टेशनपाशी संध्याकाळी सातला चालवून बघा. दिवस पावसाळ्यातला निवडा.
तुंगारेश्वर, कर्नाळा, फणसाड ही अभयारण्यं आहेत, तिथल्या पायवाटा दुचाकीसाठी नाहीत. माथेरानात तर खासगी गाडीच चालत नाही. आणि मुरबाडकडे जून ते ऑक्टोबर शेताच्या बांधावरून गाडी घालू नका. भात उभा असतो.

मुलुंडकर_८
शनिवारी २१० ची टेस्ट राइड ठरवली आहे. उतरत्या रस्त्यावरचा यू-टर्न मारून कळवतो.