बेटावरचे दिवस: मॉरिशस आणि आसपास (तुमचेही अनुभव सांगा)

रानजाई
काल मंडईत शेजारी उभ्या असलेल्या एक तमिळ आजी 'कोत्तमल्ली' म्हणाल्या आणि मी पिशवी धरून तिथेच थबकले. कात्र बोर्नचा बाजार! तिथे कोथिंबिरीला 'कोतोमिली'च म्हणतात, कढीपत्त्याला 'कारी पुले', दोडक्याला 'पिपंगाय'. पहिल्या आठवड्यात मी फ्रेंचमधून (तीन महिन्यांचा क्लास, फुकट गेला) भेंडी मागत होते. भाजीवाला म्हणाला, 'लालो?' मी म्हटलं, नाही हो, लालो नको, भेंडी. शेवटी बोट दाखवलं. लालोच होती.

2011 ते 2014 एबेनला नोकरी होती. निघताना सगळे म्हणाले, मज्जा आहे बुवा, समुद्र! घर मिळालं कर्पीपला. ज्यांना ठाऊक आहे ते आत्ताच हसले असतील. पठारावरचं गाव, पाऊस सुटत नाही, जुलैत स्वेटर. आणि गाडीने जरा खाली उतरलं की फ्लिक आँ फ्लाकला लख्ख ऊन, माणसं पोहतायत. एकाच दिवशी! पैठणीला बुरशी धरली तेव्हा मी चक्क रडले. घरमालकीणबाई, मी त्यांना 'तांतिन' (म्हणजे मावशी) म्हणायचे, रोज खिडकीतून ओरडायच्या 'लाप्ली पे तोंबे!' पाऊस आला, दोरीवरचे कपडे काढ. अजून थेंब पडला की माझ्या तोंडून आधी तेच निघतं. नवरा वैतागतो.

बेट कुठलंही चालेल. लिहा.

टिंगूमिंगू
कर्पीप!!! माझ्या पासपोर्टला बुरशी लागली होती. इमिग्रेशनवाल्याने वास घेऊन बघितला 😂

डबेवाली_मावशी
पैठणीची बुरशी कशी काढलीस ते आधी सांग. दापोलीला हीच बोंब आहे.

तवा_गरम
शिफ्ट संपवून लिहितोय, चुका पोटात घाला.
2015 ते 2018, ले मोर्नच्या बाजूला एका मोठ्या हॉटेलात किचनला होतो. एजंटने सांगितलं होतं स्वतंत्र खोली. मिळाली सहा जणांत एक, पंखा एक, तो पण ज्याच्या पलंगाकडे तोंड त्याचाच. पाहुण्याच्या दोन रात्रींचं बिल म्हणजे माझा महिन्याचा पगार. रोज ती बिलं बघून बघून नंतर काही वाटेनासं झालं.
हॉटेलच्या प्रत्येक फोटोत मागे तो ले मोर्नचा डोंगर. याच डोंगरावर पळून आलेले गुलाम लपून राहायचे, 1835 ला गुलामी बंद होईपर्यंत. हे मला भांडी घासणाऱ्या मावशींनी सांगितलं. ब्रोशरमध्ये नुसताच सूर्यास्त.
पण रविवार! सार्वजनिक बीचवर सुरूच्या झाडांखाली अख्खी खानदानं, बिर्याणीची पातेली, म्हाताऱ्यांना घरून आणलेल्या खुर्च्या. मग कुणीतरी जाळ करायचं आणि रावान शेकायचं. रावान म्हणजे त्यांचा मोठ्ठा डफ, बकऱ्याच्या कातड्याचा. कातडं तापून ताणलं की बोटाने टकटक करून बघणार, नाही जमलं तर परत जाळावर. दहा मिनिटं नुसतं हेच चालायचं, कुणाला घाई नाही. आणि एकदा सेगा (तिथलं नाच-गाणं) सुरू झाला की आजी पण खुर्ची सोडून नाचायला.

पाटपाणी
@तवा_गरम डफ शेकणं आपल्याकडे पण असंच. शिमग्याला बघा.
आता कुठे असता?

तवा_गरम
दोहा. इथे शेकायची गरज नाही, बाहेर ठेवला तरी तापेल 😅

गुहागरी_तडका
मी तिथे राहिलो नाही, कंपनीच्या कामाला तीन आठवडे होतो, नेमकी गणेशचतुर्थी आली. तिकडे चक्क सार्वजनिक सुट्टी! ऑफिसातला एक जण कास्कावेलला घरी घेऊन गेला. तिथल्या मराठ्यांची चौथी-पाचवी पिढी, घरात बोलणं क्रेओल (बेटावरची बोली), पण आरतीला सगळे खणखणीत. मग म्हणाले आता झाकरी. बघतो तर काय, गोल धरून नाच, आमची जाखडी! गुहागरला आता पोरं डीजे लावतात आणि इथे आफ्रिकेच्या बाजूला जाखडी जिवंत. मला 'येतं का?' विचारलं. येत नव्हतं. लाज वाटली खरं सांगतो.

रानजाई
@गुहागरी_तडका मलाही तांतिननी विचारलं होतं, मोदकाचं सारण कसं करता तुम्ही खरे मराठी. मी म्हटलं, आम्ही विकत आणतो.

सिद्धू_एस
मादागास्कर चालेल का? 2009, अंतानानारिव्हो. समुद्रसपाटीपासून जवळजवळ 1300 मीटर, रात्री थंडी वाजायची. तीन वेळा भात, नाश्त्यालासुद्धा. भारतीय वंशाच्या लोकांना 'करान' म्हणतात, दुकानं त्यांची, त्यामुळे मी काही न करताच 'शेठ' झालो. घासाघीस करायला गेलं की लोक हसायचे. बाकी वीज जायची, पण ते आपल्याला नवीन नाही.

निशिगंधा२२
आम्ही अजून मॉरिशसलाच. जानेवारी 2024 मधलं बेलाल चक्रीवादळ आठवलं की पोटात गोळा येतो. इथे वादळाच्या इशाऱ्याचे 1 ते 4 वर्ग, कितवा लागला की शाळा बंद, एवढं पोरांना पाठ. पण त्या सोमवारी माणसं सकाळी कामाला गेली आणि पोर्ट लुईत पाणी भरलं, रस्त्यात गाड्या होड्यांसारख्या वाहत होत्या. नवरा पोर्ट लुईत, मी घरी, फोन लागेना. संध्याकाळी चिखलाने माखून चालत आला. हातात बूट आणि डोलपुरीची पुडी. म्हणे दुकान बंद करत होते, उरलेल्या दिल्या.
(डोलपुरी म्हणजे आपली पुरणपोळीच, फक्त तिखट. वाटाण्याची डाळ.)

पाटपाणी
तिखट पुरणपोळी 😳 आजी वारली असती.

सरळरेघ
बाबांना घेऊन पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर गेले होते. 2 नोव्हेंबर 1834 पासून ऊसमळ्यांसाठी गिरमिटिया (करारावर आणलेले मजूर) उतरवले तिथे, सगळे मिळून साडेचार लाखांच्या आसपास. 16 दगडी पायऱ्या आहेत. बाबा दोनदा चढले-उतरले. गिरणी कामगाराचा मुलगा, फार बोलत नाहीत. खाली येऊन म्हणाले, 'पायरी उंच आहे, बोटीतून आलेल्याचे पाय लटपटत असणार.' मग चहा कुठे मिळेल विचारलं.

निशिगंधा२२
@सरळरेघ 😔

अमोल_नको_अमोघ
तिकडे सॉफ्टवेअरवाल्यांना व्हिसा किती दिवसांत मिळतो? कुणी रेफरन्स देईल का?

टिंगूमिंगू
आधी पासपोर्ट उन्हात घाल भाऊ

डबेवाली_मावशी
अगं पैठणीचं राहिलंच.

रानजाई
सॉरी मावशी, कुकर लावत होते. सावलीत वारा लागेल अशी पसरायची, वाळली की मऊ कोरड्या ब्रशने हलकेच झाडायची, मग सुती कापडात. जरीवर ब्रश नको. आणि अळूला तिथे 'ब्रेद सोंज' म्हणतात, पण वड्या कुणी करत नव्हतं माझ्या ओळखीत, मी केल्या तर तांतिननी डबा परत दिलाच नाही.

डबेवाली_मावशी
दात घासायचा ब्रश चालेल का? नवा आहे.